बाबांनी कबूल केलेली दारू

माझे बाबा, देवाजी टेंभुर्णे, शेवटची दारू प्यायले ती छप्पन सालच्या उन्हाळ्यात, मामाच्या लग्नात. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. मायच्या कडेवर माझा मोठा भाऊ गोविंदा होता आणि माझा जन्म व्हायला अजून सव्वा वर्ष होतं. मायने घरातला देव्हारा उतरवला, पण पितळेचा एक बाळकृष्ण वर्षभर कपड्यांच्या गाठोड्यात लपवून ठेवला होता, हे ती स्वतःच हसत सांगायची. बाबांनी मात्र त्या दिवशी जे तोंडाने म्हटलं ते त्याच दिवशी केलं. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर त्यांना सगळ्यांत जवळची होती.

त्याला कारण होतं. त्यांचे वडील धोंडबा कन्हानच्या नदीत बुडून मेले. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. धोंडबा दारू पिऊन झोकांड्या खायचा आणि तसाच एक दिवस नदीत गेला, असं सगळा गाव म्हणायचा. बाबा त्यांचं नाव घेत नसत. एकदाच म्हणाले होते, "माह्या बापानं मले काईच देल्लं नाई. दारुड्याचा पोट्टा, एवढं नाव देल्लं."

बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत अर्धे पुरुष मिलमध्येच जायचे, पण बाबांच्या हातची सफाई वेगळी, असं तिथलेच लोक सांगायचे. धागा तुटला की साचा थांबवून, गाठ मारून, पुन्हा सुरू करायला बाबांना डोळा मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ लागायचा.

मी नववीत असताना मायच्या लक्षात आलं की जेवताना बाबांचा डावा खांदा मधूनच उडतो, माशी हाकलावी तसा. बोटं मांडीवर पेटी वाजवल्यासारखी हलत राहतात.

"अवो, हे काय करून राहिले?" माय म्हणाली.

"काय करून राहिलो?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत कप हातातून पडू लागले. पाय भलतीकडे पडू लागले. बाबा चालायला लागले की वाटायचं, आता पडतील. आणि पडायचे नाहीत, गिरकी घेतल्यासारखे सावरायचे, म्हणून ते जास्तच दारूचं वाटायचं. स्वभाव बदलला. आम्हाला कधी बोट न लावलेल्या माणसाने भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर फेकलं आणि थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करून रडत बसला.

शहात्तर साली जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, त्यांना साच्यावरून बाजूला घेतलं आणि तोंडाचा वास घेतला. वास खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा, आला. जॉबर म्हणाला, "दारूचा वास दाबाले खर्रा खाल्ला यानं." चौकशी झाली, साक्षी झाल्या. बाबांच्या शेजारी वीस वर्षं काम केलेल्या माणसानेही सांगितलं की देवाजी हल्ली झोकांड्या खात येतो. त्याने पाहिलं होतं तेच तो बोलला. बाबांची नोकरी गेली. इंग्रजी पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. 'नशेच्या अवस्थेत' या शब्दांपाशी मी थांबले, तर म्हणाले, "वाच, वाच. काय लिहिलं ते वाच."

विहारात ते दर रविवारी पुढे बसून वंदना म्हणायचे. पंचांनी त्यांना आवाज न चढवता सांगितलं, "देवाजी, थोडे दिवस मागं बसत जा गा." बाबा त्या रविवारी मागे बसले. त्यानंतर गेलेच नाहीत.

घरातही कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. मायने धान्याचे डबे उपसले, कौलांत हात घालून पाहिलं, बाटली सापडली नाही. मग एक दिवस ती सकाळपासून बाबांच्या मागे मागे फिरली. ते टाक्यापाशी बसले, रेल्वे फाटकापर्यंत गेले, एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, परत आले. माय घरी येऊन मला म्हणाली, "प्रेमिला, हा माणूस पेत नाई वं. मी दिवसभर पाह्यलं. तहान लागली तं पानीबी मांगून पेला नाई, हात हालते म्हून."

गोविंदादादाने मात्र ते मानलं नाही. तो तेव्हा शहराबाहेरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होता. मित्र त्याला बापावरून बोलायचे. लग्न झाल्यावर तो देवकीवहिनीला घेऊन वाडीलाच खोली करून राहिला आणि घरी येणं कमी झालं. ऐंशी साली त्याला मुलगी झाली. बाबांनी नातीला मांडीवर मागितलं, तेव्हा दादा म्हणाला, "राहू द्या. पाडान तिले."

त्याच वर्षी मी महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. सुट्टी पडल्याबरोबर मी बाबांना मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, घेऊन गेले. गावातले दोन डॉक्टर झाले होते, एक भगतही झाला होता. मेडिकलमध्ये मेंदूच्या आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉ. नीला हरकरे म्हणून बाई होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी बाबांना दारूबद्दल काहीच विचारलं नाही. मला तेवढ्यानेच रडू यायला झालं.

"जीभ बाहेर काढा आणि तशीच धरून ठेवा," त्या म्हणाल्या. बाबांची जीभ बाहेर आली आणि लगेच आत गेली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"माझी दोन बोटं घट्ट दाबा." बाबांनी दाबली. त्यांची पकड आवळत होती, सुटत होती, पुन्हा आवळत होती, धार काढावी तशी. बाईंनी बराच वेळ बोटं तशीच राहू दिली.

"तुमचे वडील कशाने गेले?"

"दारूनं," बाबा म्हणाले.

"तुम्ही पाहिलं होतं? कसे चालायचे ते?"

 बाईंनी एका कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढली होती, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. वरचा चौकोन धोंडबांचा होता. त्यावर त्यांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आणि मला म्हणाल्या, "यांना पाहिलेलं कोणी जिवंत आहे का? असेल तर जाऊन विचार. चालणं, हात, बोलणं. सगळं विचार."

धोंडबांची धाकटी बहीण रुखमाबाई कन्हानला होती. सत्तरी उलटलेली, डोळ्यांनी अधू. बाबांनी बापाचं नाव टाकलं, तसा तिच्याशीही संबंध तोडला होता. मी आणि माय तिच्याकडे गेलो. ती पडवीत चिंचा फोडत बसली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने फोडायचं थांबवलं.

"देवाजीबी हालते?" तिने विचारलं. आम्ही अजून काही सांगितलंच नव्हतं.

मग तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. धोंडबा सुरुवातीला पीत नव्हता. आधी हात खेळू लागले, मग पाय. अंगात आलं म्हणून भगत आणला, त्याने चटके दिले. मग कोणीतरी म्हणालं की मोहाची पाजा, अंग ढिलं पडेल. तेव्हापासून घरचेच त्याला पाजायचे. "आमीच पाजत होतो, बाई," रुखमाबाई म्हणाली. "तो नाई म्हणे. जबरीनं पाजत होतो. त्या दिवशी पेला नव्हता. नदीवर आंघोळीले गेला. पाय धरतच नव्हते त्याचे, गोट्यावरून घसरला. गावानं म्हटलं दारूनं मेला, आमीबी म्हटलं हाव. बिमारी म्हटलं असतं तं पोरीयचे लगन कसे झाले असते?" मग पुन्हा चिंचा फोडायला घेत म्हणाली, "माह्या मायलेबी होतं ते."

परत येताना बसमध्ये मायने ती वही मांडीवर धरून ठेवली होती.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या मुंबईतल्या गुरूंना पत्र लिहिलं. मेंदूचे आतले फोटो काढायचं यंत्र तेव्हा तिकडेच होतं. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन गेले. फोटो काढताना हलू नये म्हणून त्यांना झोपेचं इंजेक्शन द्यावं लागलं. कित्येक वर्षांनी मी त्यांना इतकं स्थिर पाहिलं. झोपेत त्यांचा चेहरा जुन्या बाबांसारखा होता.

नागपूरला परत आल्यावर बाईंनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बाबा, माय आणि मी, तिघं समोर. फिल्मवर मेंदूच्या चकत्या होत्या, एकाखाली एक.

"ही मधली काळी जागा म्हणजे पाण्याची पोकळी," त्या म्हणाल्या. "तिच्या दोन्ही बाजूंनी आत फुगून आलेला भाग दिसायला हवा. तो हालचालींना लगाम घालतो. इथे तो सुकलाय. कड सपाट झालीय. म्हणून शरीर त्यांचं ऐकत नाही. याला हंटिंग्टनचा आजार म्हणतात. दारूचा याच्याशी काही संबंध नाही."

बाबा खुर्चीत सरळ होण्याचा प्रयत्न करू लागले. "म्हंजे मी पेत नाई, हे तुमी लिहून द्यान?"

"देईन."

"सही-शिक्क्यानं?"

"सही-शिक्क्यानं देईन."

बाबा हसले. इतके हसले की खोकला लागला. मायने पदराने त्यांचं तोंड पुसलं, तीही हसत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्यांचा चौकोन-वर्तुळांचा कागद पुढे ओढला.

"देवाजी, पुढचंही सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरातल्या प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या दोनपैकी एक बिघडलेली आहे. ती तुमच्या वडिलांकडून आली, त्यांना त्यांच्या आईकडून. तुमच्या मुलांना तुमच्याकडून दोनपैकी कोणतीतरी एकच जाते."

"म्हंजे दोघातून एकाले होईन?"

"तसं नाही. दोघांनाही होऊ शकतो, दोघांनाही नाही, असंही होऊ शकतं. प्रत्येकाला निम्मी शक्यता. आणि कोणाला ते आज कळत नाही. पस्तीस-चाळीसपर्यंत माणूस ठणठणीत असतो."

मी तेवीस वर्षांची होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फिल्मकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी त्या माणसाले चाळीस वर्सं दारुड्या म्हनलो." ते त्यांच्या वडिलांबद्दल बोलत होते.

दाखला घेऊन आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युनियनचे नत्थूजी आले. मायने निरोप पाठवला होता. नत्थूजी म्हातारे झाले होते पण कोर्टाची कामं त्यांना पाठ होती. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि खुशीत येऊन मांडीवर थाप मारली.

"देवाजी, केस पुन्हा उभी करू गा! बिमार माणसाले दारुड्या म्हणून काढलं. कोर्टात हा कागद वाचू, डॉक्टरीणबाईले साक्षीले बलावू. मिलच्या गेटवर बोर्ड लावू, देवाजी टेंभुर्णे निर्दोष."

"कोर्टात सगळंच वाचतेत?" बाबांनी विचारलं.

"सगळंच. बिमारीचं नाव, कुठून आली, कोणाले होते. मिलचा वकील सोडते काय? पेपरातबी येईन. येऊ दे न!"

त्या वेळी माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा कामठीचा, विश्वनाथ, पोस्टात कारकून. बाबांच्या 'दारू'कडे कानाडोळा करून त्यांनी होकार दिला होता. वैशाखातली तारीख होती. दादाची मुलगी नुकती चालायला लागली होती.

बाबांनी हात पुढे केला. नत्थूजींना वाटलं त्यांना दाखला पाहायचा आहे, म्हणून त्यांनी तो दिला. बाबांनी तो घडी करायचा प्रयत्न केला. बोटं जुमानत नव्हती, कागद चुरगळत होता. शेवटी मायने तो घेऊन घडी करून दिला.

"राहू द्या, नत्थूजी," बाबा म्हणाले.

"काहून?"

"मी पेत होतो."

नत्थूजींना कळेना. "काय म्हणून राहिला तू? हे काय लिहिलं मग?"

"बाईले मी खोटं सांगतलं. पेत होतो मी. मिलनं बराबर काढलं." त्यांची जीभ अडखळत होती, तरी शब्द स्पष्ट होते. "पोरीचं लगन हाय. आता जुनं काढू नका."

माय चुलीपाशी उभी होती. मी दाराच्या चौकटीला टेकून होते. मला सगळं कळत होतं. एक शब्द मी बोलले असते तर झालं असतं. नत्थूजी माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रेमिला, तू शिकलेली हायेस. खरं काय ते सांग." मी म्हणाले, "बाबा म्हणतात तेच." मला लग्न हवं होतं. ते मी आज लिहू शकते, तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हणू शकले नव्हते.

दोन दिवसांत वस्तीभर झालं की देवाजीने स्वतःच्या तोंडाने दारू कबूल केली.

मी दोन महिने तग धरला. झोपले की डोळ्यांपुढे चौकोन आणि वर्तुळं यायची. लग्नाला अठरा दिवस उरले असताना मी शाळा सुटल्यावर बस पकडून कामठीला गेले आणि पोस्टाच्या व्हरांड्यात विश्वनाथला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मध्येच एका बाईला तिकिटं देऊन आला, पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला.

"तुले होईनच असं नाई न?"

"नाही."

"पण होणार नाई असंबी नाई."

"नाही."

"मले सांगतलं नसतं तं कळलं नसतं," तो म्हणाला. आरोप नव्हता त्यात. मला वाटलं, मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असंच त्याला म्हणायचं होतं.

चार दिवसांनी त्याचे वडील गणपतराव आमच्याकडे आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा घेतला, बाबांची चौकशी केली, लग्न होणार नाही असं सांगितलं आणि म्हणाले, "आमी लोकायले दारूचंच कारण सांगू. बिमारीचं नाव आमच्या घरातून बाहेर पडणार नाई. तुमच्या पोराच्या पोरीचंबी पुढे पाहावं लागन न." आणि त्यांनी शब्द पाळला. देवाजीच्या दारूपायी पोरीचं लग्न मोडलं, असं सगळे म्हणू लागले. बाबांना ते कळलं, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बराच वेळ काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. बोलणं तोवर फार जड झालं होतं. एवढंच कळलं, "मंग मी काहून..." पुढचं त्यांना जमलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दादाला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. वाडीला त्याच्या गोदामाबाहेर, ट्रकांच्या मधल्या सावलीत उभं राहून मी त्याला निम्म्या शक्यतेचं सांगितलं आणि दाखला दाखवला. त्याने तो पुरता वाचलाही नाही.

"बाबा पेत होते," तो म्हणाला.

"दादा, फोटोत दिसतंय. डॉक्टरबाई..."

"मी पाह्यलं हाय. माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्यायनं सोताच कबूल केलं न नत्थूजीपुढं? मंग तू काहून घरात बिमारी आणून राहिली?" त्याने कागद माझ्या हातात कोंबला. "माह्या पोरीपुढं हे बोलू नको. कधीच."

तो रागावला नव्हता, भ्यालेला होता. बाप दारुडा असला तर त्याची मुलगी सुटत होती. मी कागद घडी करून पिशवीत घातला.

ब्याऐंशीच्या दिवाळीआधी बाबांनी स्वतः डॉक्टरबाईंना विचारलं, "मेल्यावर डोकं उघडून पाहता येते काय?" बाई म्हणाल्या, येतं, आणि त्यातून शिकायला मिळतं, पण तुम्ही म्हणाल तरच. बाबांनी अंगठा दिला. सही कधीच सुटली होती. मायनेही दिला. बाबा म्हणाले, "कापा. पाहा. काय दिसलं ते लिहून ठेवा."

त्यानंतर सव्वादोन वर्षं. त्यांचं वजन उतरत गेलं, कारण शरीर दिवसभर राबत असायचं. खाटेवरून पडायचे म्हणून आम्ही जमिनीवर गोधड्यांचा थर घातला आणि भिंतींना पोती लावली. खाण्याची वासना होती पण घास घशात अडकायचा. माय भात कुस्करून, ताकात कालवून, चमच्याने भरवायची. एकेका जेवणाला दीड तास. ती म्हणायची, "गोविंदाले असंच भरवत होती मी." माणसं ओळखायचे, नावं सुटायची. मी शाळेतून आले की माझ्याकडे पाहायचे आणि हात उचलायचे, हात माझ्यापर्यंत यायचा नाही, भलतीकडे जायचा.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत घास श्वासनळीत गेला, न्यूमोनिया झाला आणि मेडिकलमध्ये पाचव्या दिवशी सकाळी बाबा गेले. पंचावन्न वर्षांचे होते.

दादा दुपारी आला. शवविच्छेदनाचं कळताच त्याने कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर धरला. "माह्या बापाचं डोकं फोडू देणार नाई मी. जिवंतपणी अब्रू गेली, आता मेल्यावरबी?"

वॉर्डबॉय थांबले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची इच्छा नसेल तर आम्ही करणार नाही." कागद असूनही त्या तसं म्हणाल्या.

मायने दादाचा हात धरला. "गोविंदा, तुह्या बापानं आंगठा देल्ला हाय. मी पाह्यलं. तुले जे पाह्याची भीती वाटते, ते तू पाहू नको. घरी जाय. पण हात काढ."

दादाने हात काढला. घरी गेला नाही, तिथेच बाकावर बसून राहिला. संध्याकाळी बाबांना आमच्या ताब्यात दिलं, कपाळावरून पांढरी पट्टी बांधलेली. दादानेच पुढचा खांदा दिला.

पुण्यानुमोदनाला, बाबांच्या शोकसभेला, विहारात बरीच माणसं आली. पंचांपैकी एकजण बोलला, देवाजी चांगला कार्यकर्ता होता, पुढे व्यसनाने वाया गेला, तरुणांनी यातून शिकावं. चांगल्या मनाने बोलला असेल. माय उठली. ती सभेत कधी बोललेली नव्हती.

"माह्या माणसानं दारू पेली नाई," ती म्हणाली. "छप्पन सालापासून एक दिवस नाई. त्याले बिमारी होती."

"कोणती बिमारी, सिंधूताई?" कोणीतरी मायला विचारलं.

मायने दादाकडे पाहिलं. देवकीवहिनीच्या मांडीवर त्यांची पाच वर्षांची मुलगी बसली होती. "डोक्याची," माय म्हणाली आणि खाली बसली.  मग वंदना सुरू झाली. त्या दिवशी किती जणांनी तिचं खरं मानलं, मला माहीत नाही. एका बाईने जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाईची जात वं, झाकावंच लागते."

मार्च महिन्यात डॉक्टरबाईंचा निरोप आला. मेंदू औषधात ठेवून घट्ट झाला होता, कापून झाला होता. "पाहायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले.

पॅथॉलॉजीच्या खोलीत फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते. ट्रेमध्ये दोन चकत्या शेजारी शेजारी होत्या. एक कोणा दुसऱ्या माणसाची, एक बाबांची. बाबांची लहान होती. जिथे दोन्ही बाजूंनी भरीव उंचवटा असायला हवा, तिथे पातळ पिवळसर पट्टी उरली होती आणि मध्ये रुंद पोकळी. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. आधी दुसऱ्या माणसाची काच, जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. मग बाबांची. ठिपके विरळ होते, मधे मधे नुसती जागा.

"हे मीठ कमी पडल्यावर ताट फेकणं," मी विचारलं, "तेही यातूनच?"

"तेही."

मी बराच वेळ त्या काचेवर डोळा लावून होते. बाई म्हणाल्या की परदेशात दोन वर्षांपूर्वी या दोषाची जागा सापडली आहे, चौथ्या क्रोमोसोमवर. दोष नेमका काय ते अजून कळलेलं नाही, पण घरातल्या बऱ्याच जणांचं रक्त मिळालं तर पुढेमागे सांगता येईल, कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही.

"आणि औषध?"

"नाही."

"मग सांगून काय?"

"ते ज्याचं त्याने ठरवायचं," त्या म्हणाल्या. मी अजून ठरवलेलं नाही.

जुलैमध्ये, मधल्या सुट्टीत, दादा माझ्या शाळेत आला. वर्गात कोणी नव्हतं. तो मुलांच्या बाकावर बसला, गुडघे पोटाशी आले.

"देवकीले दिवस गेले," तो म्हणाला. "तिसरा महिना हाय." मग खाली पाहत म्हणाला, "ते अर्धं म्हंजे कसं, मले सांग. बराबर सांग."

मी त्याला सांगितलं, जसं बाईंनी सांगितलं होतं तसं. त्याला आहे की नाही हेच ठाऊक नाही. असेल तर मुलीला निम्मी, येणाऱ्यालाही निम्मी. नसेल तर कोणालाच काही नाही.

"म्हंजे बाबा पेत नव्हते."

"नाही, दादा."

"मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "पयलेपासून ठाऊक होतं." आणि बाकावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घंटा झाली तेव्हा मुलं दारात गोळा झाली होती, मी त्यांना बाहेरच थांबवलं.

गुरुवारी मी दोघांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. देवकीवहिनीने सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "चाळीस वर्सं तं चांगली जातेत न?" बाई म्हणाल्या, बहुतेक जातात. वहिनी म्हणाली, "मंग मले हे मूल पाह्यजे." 

जानेवारीत मुलगा झाला. आता तो दीड वर्षाचा आहे. मायने वाडीला जाऊन त्याला महिनाभर तेल लावलं. दादा बत्तीस वर्षांचा झाला, मी एकोणतीस. दादा हल्ली दर रविवारी घरी येतो, मायजवळ बसतो आणि बाबांबद्दल विचारतो. ते कसे होते, आजाराच्या आधी कसे होते. माय सांगत बसते. मी ऐकते, आणि कधी कधी मध्येच उठून बाहेर जाते.